आम्हा वरच्यांचीही नोंद घ्या : गृहनिर्माण मंत्र्यांना खुले पत्र

मा. गृहनिर्माण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

महोदय,


मला सरकारकडून फुकट घर नको आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण झोपडपट्टीतून मंत्रालयात पत्र गेले की त्यात घराची मागणी असणार, असे धरूनच ते वाचले जाते. मी भाडे भरून राहते आणि पुढेही भाडे भरूनच राहायची माझी तयारी आहे. मला हवी आहे भाड्याची पावती, नोंदवलेला करार आणि सरकारी कागदावर माझ्या राहण्याची एक ओळ. भांडुप पश्चिमेला टेंभीपाड्याच्या चढावर एका माळ्यावर मी, माझा नवरा, मुलगा आणि सासूबाई असे राहतो. मी एका खासगी बालवाडीत शिकवते आणि संध्याकाळी घरी शिकवण्या घेते. नवरा ठाण्याला एका वर्कशॉपमध्ये आहे. आमच्या गल्लीत तळमजल्यावर राहणाऱ्यांना ‘खालचे’ म्हणतात आणि आम्हाला ‘वरचे’. हे पत्र सगळ्या वरच्यांच्या वतीने आहे.

आमचा माळा आपण पाहिलेला असण्याचे कारण नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. गल्ली इतकी अरुंद आहे की समोरून कुणी हंडा घेऊन आले तर दुसऱ्याने भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. त्या गल्लीतच, घरमालकिणीच्या दाराला लागून, आमची लोखंडी शिडी आहे. ती जवळजवळ सरळ उभी आहे, तिरकी लावायला जागाच नाही. वरून नायलॉनची दोरी सोडलेली आहे, ती धरून चढायचे. चढताना चवडा तेवढा टेकतो, टाच हवेत राहते. वर गेले की थेट खोलीत पाऊल. जमीन म्हणजे लोखंडी चॅनेलवर टाकलेला कडप्पा, आणि डोक्यावर सिमेंटचा पत्रा. खोलीच्या मधोमध मी ताठ उभी राहू शकते, पत्रा जिकडे उतरतो तिकडच्या बाजूला नवऱ्याला मान झुकवावी लागते. कोपऱ्यात हातभर मोरी, शेजारी ओटा, ओट्याखाली पाच किलोचा सिलिंडर. मोठा सिलिंडर शिडीवरून चढवणे कुणालाच झेपत नाही. पाणी पहाटे येते. खालच्यांचे भरून झाले की मोटर लावून पाइपने वर घ्यायचे. कधी मध्येच पाणी गेले तर त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत, हे घरात कुणाला सांगावे लागत नाही.

उन्हाळ्यात पत्रा इतका तापतो की दुपारी खोलीत बसवत नाही. पत्र्याखाली थर्माकोल लावला आहे, त्याने थोडा फरक पडतो, पण पंखा गरम हवाच फिरवत राहतो. म्हणून एप्रिलपासून मी शिकवणीच्या मुलांना सहानंतर बोलावते. पावसाळ्यात अडचण वेगळी. जोराची सर आली की पत्र्यावर एवढा आवाज होतो की मुलांना माझे बोलणे ऐकू येत नाही. मग मी पाटीवर लिहिते आणि ती वाचतात.

सासूबाईंचे गुडघे गेले आहेत. दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा मी त्यांच्या आधी शिडीवरून उतरते, दोन दांडे खाली थांबते आणि त्यांचे पाऊल हाताने धरून एकेका दांड्यावर ठेवत जाते. वरून नवरा त्यांना दंडाला धरून ठेवतो. खाली पोचेपर्यंत आम्ही तिघेही बोलत नाही. एरवी त्या खिडकीशी बसून असतात. देवळातली आरती त्यांना तिथूनच ऐकू येते. त्यांना खाली बसून शेजारणींशी बोलायला आवडते, पण तेवढ्यासाठी उतरणे त्यांनी सोडून दिले आहे. मागे पलीकडच्या माळ्यावरचे एक आजोबा वारले. त्यांना चादरीत बांधून शिडीवरून खाली घ्यावे लागले. तिरडी गल्लीच्या तोंडाशी बांधली.

असे असूनही हा माळा नसता तर आम्ही मुंबईत राहूच शकलो नसतो, हेही तेवढेच खरे आहे. टेकडीच्या पायथ्याशी लालबहादूर शास्त्री मार्गावर जिथे कारखाने होते तिथे आता टॉवर आहेत. तिथल्या वन बीएचकेचे भाडे आमच्या दोघांच्या कमाईचा मोठा घास घेईल, आणि डिपॉझिट लाखांत.   आमच्या माळ्याचे भाडे साडेसहा हजार आणि डिपॉझिट तीस हजार आहे. बालवाडी चालत जाण्याच्या अंतरावर, स्टेशन शेअर रिक्षाच्या अंतरावर. हे सोडून बदलापूर-टिटवाळ्याला गेलो तर भाडे फारसे वाचणार नाही, वर लोकलमध्ये रोजचे तास जातील आणि माझ्या शिकवण्या बुडतील.

मुंबईत गरिबाला परवडेल असे भाड्याचे घर कुणी बांधले, हा प्रश्न आपण एकदा विचारावा अशी माझी विनंती आहे. एकेकाळी ते चाळमालक बांधत. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली. त्या काळी भाडेकरूला त्याची गरज होती, पण पुढे अर्धे शतक भाडी तशीच राहिली आणि भाड्यासाठी नव्या चाळी बांधणे लोकांनी सोडून दिले. १९९९ चा नवा कायदा आला तोवर भाड्याने राहणारा मजूर, कारागीर, फेरीवाला, नर्स, वॉचमन कधीच झोपडपट्टीत पोचला होता. झोपडीची उंची चौदा फुटांपर्यंत चालवून घ्यायची, हा महापालिकेचा जुना दंडक. लोकांनी त्या चौदा फुटांचे मधून दोन भाग केले. खाली सात फुटांत स्वतः राहिले, वरचे सात फूट भाड्याने दिले. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती आणि त्यातले सुमारे ४२ टक्के लोक झोपडपट्टीत राहत होते. त्या वस्त्यांतून डोके वर करून पाहिले तर माळा नसलेले घर शोधावे लागते. सरकारी पैसा किंवा सरकारी योजना यांपैकी काहीही न घेता या शहरातली बहुधा सर्वांत मोठी भाड्याची घरबांधणी अशी झाली आहे, आणि सरकारच्या हिशेबात ती जवळजवळ कुठेच नाही.

नियमात तर ती बसतच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत माणसाने राहायच्या खोलीची उंची किमान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट धरली होती. माळा दीड मीटरपर्यंतचा, आणि तो सामान ठेवण्यासाठी. आमची सात फुटांची खोली या दोहोंच्या मध्ये पडते.

आता आमच्या घरमालकिणीबद्दल. त्यांना आम्ही काकू म्हणतो. काका कंपनीत होते, कंपनी बंद पडली आणि नंतर तेही गेले. काकूंना पेन्शन नाही. माळ्याचे भाडे हेच त्यांचे महिन्याचे उत्पन्न. माणूस म्हणून त्या फार चांगल्या आहेत. माझ्या बाळंतपणात सासूबाई गावी अडकल्या होत्या तेव्हा काकूंनीच मला तूपभात करून वर पाठवला. पण भाड्याची पावती त्या देत नाहीत. मी मागितली तेव्हा म्हणाल्या, ‘पोरी, पैसे माग, पावती मागू नकोस.’

त्यांची भीती मला कळते. झोपडपट्टी पुनर्वसनाची आपली सगळी रचना एकाच प्रश्नावर उभी आहे : अमुक तारखेला या जागेत कोण राहत होते? आधी ती तारीख १ जानेवारी १९९५ होती, मग १ जानेवारी २००० झाली. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्यांना पैसे भरून घर देण्याचे ठरले आणि २०२३ मध्ये ती रक्कम अडीच लाख ठरली. जो पात्र ठरेल त्याला तीनशे चौरस फुटांचे मालकीचे घर. जो ठरणार नाही त्याला काहीच नाही. एवढे मोठे बक्षीस एका ‘राहत होते’वर अवलंबून असेल, तर दुसऱ्या कुणाच्या राहण्याचा पुरावा आपल्या हाताने तयार करून देणे काकूंना परवडत नाही. उद्या सर्वेक्षणात भाडेकरूने पावती पुढे केली आणि ‘इथे मी राहतो’ म्हटले तर? आपणच आपल्या घरात नाही असा शेरा पडला तर? काकूंना असे वाटण्यात लोभ नाही. त्यांच्याजवळ आयुष्यात दुसरे काहीच नाही.

त्यामुळे आमचा कागद होतो तो पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीपुढे. त्यात घराचा पत्ता तळमजल्याचा असतो. माळ्याचा उल्लेख नसतो. खरे तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे आणि न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्याच कायद्यात भाड्याची पावती देणे मालकाला बंधनकारक आहे. खर्चाची म्हणाल तर अडचण नाही. मुद्रांक शुल्क पाव टक्का, आमच्या भाड्यावर ते दोनशे रुपयांच्या आत बसते. नोंदणी शुल्क महापालिका हद्दीत हजार रुपये. निम्मे-निम्मे भरायला आम्ही तयार होतो. पैशामुळे काहीच अडलेले नाही. अडले आहे ते काकूंच्या भीतीमुळे, आणि ती भीती सरकारी योजनेतून आलेली आहे.

या एका कागदाने काय काय अडते ते माझ्या बालवाडीत मला दर वर्षी दिसते. शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी राखीव असतात. अर्जासाठी राहण्याचा पुरावा लागतो आणि भाडेकरू असाल तर नोंदवलेला भाडेकरार लागतो. नोटरीचा चालत नाही. माझ्याकडे एक मुलगी होती, चार वर्षांची, ऐकलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी आपल्या शब्दांत सांगायची. तिची आई चार घरची धुणीभांडी करते आणि आमच्यासारखीच माळ्यावर राहते. अर्जाच्या वेळी आईने तिच्या मालकाच्या हातापाया पडून पाहिले. तो म्हणाला, ‘मी तुला दोन महिन्यांचे भाडे सोडतो, पण कराराचे नाव काढू नको.’ त्या पोरीचा अर्ज भरलाच गेला नाही. ती आता महापालिकेच्या शाळेत जाते, तिथेही नीट शिकेल. पण तिचा हक्क होता, आणि तो शिडीच्या दांड्यांमध्ये अडकून राहिला.

विजेचेही तसेच. घराला मीटर एक, कुटुंबे दोन. आमच्या भागात महावितरण आहे. शंभर युनिटपर्यंत एक दर आणि त्यापुढे तीनशेपर्यंत त्याच्या जवळपास दुप्पट. आम्ही एकटे शंभराच्या आत राहतो, काकूही राहतात. दोघांचे मिळून मात्र आकडा वर जातो आणि गरिबासाठी ठेवलेला स्वस्त टप्पा दोन कुटुंबांत मिळून एकदाच वापरला जातो. काही ठिकाणी मालक सबमीटर लावून युनिटमागे मनाला येईल तो भाव घेतात. काकू तसे करत नाहीत, त्या बिल पुढे ठेवतात आणि आम्ही अर्धे देतो. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ मध्ये जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, कुणीही मागणी केली तरी वीज द्यावी असे म्हटले आहे. कार्यालयात गेले की मालकाची ना-हरकत मागतात. ना-हरकत म्हणजे पुन्हा पुरावा, आणि आपण परत काकूंच्या दारात.

शौचालयांचे, पाण्याचे, कचऱ्याचे हिशेब घरांवरून होतात तेव्हा माळे सुटतात. स्वच्छ भारत अभियानाच्या मोजमापात सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ बायकांमागे एक सीट धरली आहे. आमच्या शौचालयापुढची सकाळची रांग पाहिली की वरच्यांना कुणी मोजलेच नव्हते हे कुणालाही दिसेल.

डिपॉझिटचा प्रश्न तर सर्वांत क्रूर आहे. काही वरच्यांनी ‘हेवी डिपॉझिट’ दिलेले असते. दोन-चार लाख एकरकमी द्यायचे, भाडे नाही, सोडताना रक्कम परत. कोकणातली जमीन किंवा बायकोचे दागिने विकून ही रक्कम उभी केलेली असते. मालक ती मुलीच्या लग्नात किंवा आजारपणात वापरतो. मग एके दिवशी वस्तीत पुनर्विकास येतो. खालच्याला बिल्डरकडून संक्रमण काळातले भाडे मिळते, पुढे इमारतीत घर मिळते. वरच्याला महिनाभराची मुदत मिळते. त्याची रक्कम परत द्यायला मालकाकडे पैसे नसतात आणि रक्कम दिल्याचा कागद भाडेकरूकडे नसतो. दोन घरे, जी वर्षानुवर्षे एकमेकांच्या लग्नकार्यात राबली, ती त्या एका महिन्यात वैरी होतात. हे मी आमच्या आळीत होताना पाहिले आहे आणि पुन्हा पाहायची माझी इच्छा नाही.

आमच्याकडे पुनर्वसनाचे प्राथमिक सर्वेक्षण झाले तेव्हा टॅब घेतलेली मुले दारोदार आली. काकूंचा फोटो काढला, आधार घेतले, दारावर क्रमांक लिहिला. मी शिडीच्या वरच्या टोकाला उभी होते. त्यांतल्या एकाला मी विचारले, ‘आमचे काय?’ मुलगा नम्र होता. त्याने फॉर्म खालवर पाहिला आणि म्हणाला, ‘ताई, तुमच्यासाठी यात रकानाच नाही.’ त्याची चूक नव्हती. रकाना त्याने ठरवलेला नव्हता.

हा रकाना करणे अशक्य आहे असे कुणी म्हणू नये, कारण सरकारने एका ठिकाणी तो केला आहे. धारावीच्या पुनर्विकासात वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांची गणना होते, आणि १५ नोव्हेंबर २०२२ पर्यंतच्या रहिवाशांना भाडे भरत भरत पुढे मालकी मिळेल अशी घरे द्यायचे ठरले आहे. ती धारावीबाहेर असतील आणि त्यावर तिथल्या लोकांचे आक्षेप आहेत. मलाही ते पटतात. घर लांब गेले की काम लांब जाते. पण माळ्यावर माणसे राहतात, त्यांनाही पुनर्वसनाचा काही हक्क लागतो, हे राज्याने धारावीत कागदावर कबूल केले आहे. मग जे धारावीत माणूस आहे ते भांडुपला, घाटकोपरला, मालाडला, गोवंडीला सामान का ठरावे?

पाण्याचेही उदाहरण आहे. २००० नंतरच्या झोपड्यांना महापालिका पाणी देत नव्हती. पाणी हक्क समिती ही संघटना उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने सांगितले की झोपडी अधिकृत आहे की नाही हा प्रश्न वेगळा, पाणी द्या. २०२२ मध्ये महापालिकेने ‘सर्वांसाठी पाणी’ हे धोरण आणले. पाणी दिले म्हणून कुणाची झोपडी कायदेशीर झाली नाही आणि आकाशही कोसळले नाही. माझी मागणी त्याच रस्त्याने पुढे जाणारी आहे. राहण्याची नोंद आणि मालकीचा हक्क या दोन गोष्टी एकमेकींपासून सोडवा.

म्हणजे नेमके काय, ते सांगते. माळ्यावरच्या भाडेकरूचा सरकारी नोंदीत स्वतंत्र दर्जा असू द्या. त्या दर्जाने त्याला खालच्याच्या घरावर कोणताही हक्क मिळणार नाही, आणि त्याच्या नोंदीमुळे खालच्याची पात्रता कधीही रद्द होणार नाही, हे शासन निर्णयात स्वच्छ मराठीत लिहा. हे दुसरे वाक्य जास्त महत्त्वाचे आहे. ते छापून आले की मी तो कागद काकूंना वाचून दाखवीन आणि त्या त्याच आठवड्यात करारावर अंगठा देतील याची मला खात्री आहे. करार झाला की पावती येते, डिपॉझिटची रक्कम कागदावर येते, मुलांचे प्रवेश होतात, वेगळे मीटर मिळू शकते. यासाठी सरकारला तिजोरीतून फारसे काही काढावे लागत नाही.

पुनर्विकास येईल तेव्हा वरच्यांना त्याच वॉर्डात भाड्याचे घर मिळण्याची तरतूद हवी. मालकीचे नको, भाड्याचेच, सरकारी मालकीचे, वाजवी भाड्यात. हे आपल्या राज्याला नवे नाही. २००८ मध्ये एमएमआरडीएने १६० चौरस फुटांच्या भाड्याच्या घरांची मोठी योजना आणली होती. पुढे भाड्याची कल्पनाच मागे पडली आणि पनवेलजवळ कोनला बांधलेली घरे गिरणी कामगारांना सोडतीने मालकीची म्हणून दिली गेली. गिरणी कामगारांचा हक्क होताच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण भाड्याच्या घरांसाठी केलेली योजना प्रत्येक वेळी मालकीच्या घरांत का विरघळते? २०२० मध्ये टाळेबंदीत मजूर चालत गावी निघाले तेव्हा केंद्राने परवडणाऱ्या भाड्याच्या घरकुलांची योजना जाहीर केली. राज्याच्या २०२५ च्या गृहनिर्माण धोरणातही २०३० पर्यंत ३५ लाख घरांचे लक्ष्य आहे आणि भाड्याच्या घरांचा विचार आहे. त्या विचारात नोकरदार महिला आणि विद्यार्थी आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यात माळ्यावरचे कुटुंबही बसवा. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या (एसआरए) प्रत्येक योजनेत काही घरे राज्याच्या मालकीची ठेवून ती त्याच वस्तीतल्या नोंदणीकृत भाडेकरूंना भाड्याने देता येतील. बिल्डरला त्याचा मोबदला क्षेत्रफळात कसा द्यायचा हे आपल्या खात्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

आणि तोवर आम्हाला सुरक्षित ठेवा. ९ जून २०२१ च्या रात्री मालवणीत वर वर मजले चढवलेले एक घर शेजारच्या घरावर कोसळले आणि लहान मुलांसह कितीतरी माणसे गेली. त्यानंतर महिनाभराने, १८ जुलैला, चेंबूरच्या भारतनगरात आणि विक्रोळीच्या सूर्यनगरात दरड आणि भिंती कोसळल्या. आमचीही वस्ती टेकडीवरच आहे. मोठा पाऊस सुरू झाला की आम्ही कागदपत्रांची पिशवी दाराशी अडकवून झोपतो. अशा दुर्घटना झाल्या की महापालिका एकतर नोटीस लावते किंवा हातोडा घेऊन येते. मधला मार्ग कुणी घेत नाही. कुठला माळा दोन चॅनेल घालून भक्कम होईल, कुठे दुसरी वाट काढता येईल, कुठला खरोखरच रिकामा करायला हवा, हे सांगायला पावसाळ्याआधी एखादा अभियंता गल्लीतून फिरला तर मालकही ऐकतील आणि भाडेकरूही. आज मालक माळा दुरुस्त करायला घाबरतो, कारण दुरुस्ती काढली की माळा उजेडात येतो.

हे सगळे वाचून एखादा अधिकारी म्हणेल की अशी नोंद सुरू केली तर बेकायदा माळ्यांना उत्तेजन मिळेल. मी त्यांना सांगेन की माळे नोंदीवाचूनच एवढे झाले. नोंद नसल्यामुळे एकही माळा कमी झालेला नाही, उलट त्यावर राहणारा माणूस कायद्याच्या बाहेर गेला आणि त्याच्याशी कुणी कसेही वागले तरी दाद मागायची सोय उरली नाही. उंचीची मर्यादा पाळा, दोनपेक्षा जास्त मजले नकोत, त्यावर कारवाई जरूर करा. आम्ही स्वतः त्याला साथ देऊ, कारण वरचा मजला कोसळला तर पहिला आमच्याच अंगावर येणार.

महोदय, आमच्या विभागाचे अंतिम सर्वेक्षण व्हायचे आहे. त्याचा फॉर्म अजून बदलता येईल. त्यात प्रत्येक घरामागे ‘माळ्यावरील भाडेकरू’ असा एक रकाना घाला : नाव, किती माणसे, कधीपासून, भाडे किती, डिपॉझिट किती. खाली मालक आणि भाडेकरू दोघांच्या सह्या घ्या, आणि त्या सहीने मालकाच्या पात्रतेला बाध येणार नाही हे तिथेच, सहीच्या वर छापा. आमच्या गल्लीतल्या वरच्या-खालच्या सगळ्यांना एकत्र बसवून हा फॉर्म भरून घेण्याचे काम मी विनामोबदला करायला तयार आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांतल्या अंगणवाडीताईंशीही बोलले आहे, त्यांचीही तयारी आहे. या रकान्याबद्दल आपल्या खात्याचा जो काही निर्णय होईल तो लेखी कळवावा, ही नम्र विनंती.

कळावे.

आपली विश्वासू,
माळ्यावरची एक भाडेकरू,
टेंभीपाडा, भांडुप (पश्चिम)